घोट्याजवळची जखम भरत का नाही?

महाळुंगे, बालेवाडी, हिंजवडी या पट्ट्यात सोसायट्यांच्या गेटवरचे सुरक्षारक्षक आणि घरकाम करणाऱ्या भगिनी दिवसभर उभ्याने राबतात. पायावर फुगलेल्या निळ्या शिरा, संध्याकाळी सूज, घोट्याच्या आतल्या बाजूला काळपट, खाजरी त्वचा दिसली तर दुर्लक्ष करू नका. पुढे तिथेच जखम होते आणि महिनोन्‌महिने वाहत राहते.

शिरांमधील झडपा निकामी झाल्या की रक्त वर न जाता पायात साचते. म्हणून नुसती मलमे बदलून जखम भरत नाही. बोटांपासून गुडघ्याखालपर्यंत दाबाचे बँडेज हाच मुख्य उपचार. झोपताना पाय उशीवर उंच ठेवा, रोज चाला.

मात्र डॉक्टरांनी पायाची नाडी तपासल्याशिवाय घट्ट बँडेज बांधू नका. पाय थंड असेल, बोटांवर जखम असेल, पाय उंच केल्यावर दुखत असेल, तर पायाला रक्तच कमी पोहोचत असते. दाबाने पाय गमवावा लागू शकतो. तळव्याची न दुखणारी जखम मधुमेहाची किंवा कुष्ठरोगाची असू शकते. कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

जखम उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा. तंबाखू, चुना, राख, हळद लावू नका. दोन आठवड्यांत भरली नाही, तर कामाचा एक खाडा पडला तरी चालेल, पण औंधचे जिल्हा रुग्णालय किंवा ससून गाठा. ताप, पसरणारी लाली, दुर्गंधी असल्यास त्याच दिवशी जा.

जखम भरल्यावरही दाबाचे मोजे सोडू नका. ती पुन्हा उघडू शकते.