लपलेला गहू

मंडळी, गहू हे चांगले धान्य आहे. पोळी, शिरा, शेवया, पुरणपोळी ही सारी गव्हाचीच. बहुतेकांना तो मानवतो. पण काही माणसांना तो बाधतो, आणि तो जन्मभर बाधतो. त्या आजाराला सीलिअ‍ॅक म्हणतात. उत्तर भारतात सुमारे शंभर माणसांत एकाला तो असतो. आपल्याकडेही तो आढळतो.

गव्हातले नेमके काय बाधते? घरी करून पाहा. कणकेचा एक गोळा घ्या. पाण्याच्या धारेखाली तो चोळत राहा. पांढरे पाणी वाहून जाईल आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरेल. तोच ग्लूटेन. त्याच्यामुळे पोळी लाटता येते. ज्वारीत तो नाही, म्हणून भाकरी थापावी लागते. जवातही ग्लूटेन असतो.

आपल्या लहान आतड्याला आतून मखमलीसारखे बारीक तंतू असतात. ते अन्नातला कस शोषून घेतात. या रोग्याच्या पोटात ग्लूटेन गेला की ते तंतू झिजतात. मग खाल्लेले अंगी लागत नाही. जुलाब होतात. पोट फुगते. मुलाची वाढ खुंटते. लोहाच्या गोळ्या घेऊनही अंगात रक्त भरत नाही. हा रोग शिवल्याने होत नाही. ही कोणाची करणीही नाही.

याचे कारण कसे सापडले ते ऐका. हॉलंड देशात 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळे दुष्काळ पडला. पाव मिळेना. तेव्हा या रोगाची मुले उलट सुधारली! पाव परत आला, तशी ती पुन्हा आजारी पडली. डॉक्टर विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होताच. 1950 साली त्यांनी तो आपल्या प्रबंधात मांडला.

घरात कोणाला अशी लक्षणे असतील तर आधी डॉक्टरांकडे जा. रक्ताची तपासणी होते, गरज पडल्यास दुर्बिणीने आतडे पाहतात. तपासणीपूर्वी गहू बंद करू नका. केला तर रोग असूनही तपासणीत दिसत नाही. रोग ठरला की मात्र गहू कायमचा सोडावा लागतो. या रोगावर तोच उपाय.

तुम्ही म्हणाल, "त्यात काय अवघड आहे? पोळी नको, भाकरी खाऊ." ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, सगळ्या डाळी खुशाल खा. पण गहू लपून येतो, तो असा:

हिंग. शुद्ध हिंग फार उग्र, म्हणून बाजारच्या हिंगात पीठ मिसळतात. ते पुष्कळदा गव्हाचे असते.

मेतकूट, सातूचे पीठ, भाजणी. यांत गहू घालण्याची रीत आहे. कुरडई तर गव्हाच्या चिकाचीच.

गिरणी. गव्हावर ज्वारी दळली की पिठात पीठ मिसळते. घरचे जाते किंवा वेगळी घरघंटी बरी. तेही आधी गव्हाला वापरलेले नको.

पोळपाट, लाटणे, तवा, तळणीचे तेल. रोग्याचे हे सारे वेगळे ठेवा.

दुधात घालायची माल्टची पावडर. माल्ट बहुधा जवाचे असते.

औषधाची गोळी. डॉक्टरांना आणि औषधवाल्याला आपला रोग सांगा. औषध आपल्या मनाने बंद करू नका.

साबण, अंगाचे तेल, मलम यांचे काय? कातडीवाटे ग्लूटेन आतड्यात जात नाही. पण दंतमंजन, टूथपेस्ट, ओठांना लावायचा रंग तोंडात जातो. तो पाहून घ्या. हाताला लावलेले मलम जेवणापूर्वी धुवा.

आता तुम्हांला वाचता येते. ही विद्या इथे कामी आणा. पाकिटावर घटकांची यादी छापलेली असते. ग्लूटेनचे धान्य असल्यास तसे छापणे कायद्याने बंधनकारक आहे. मजकूर बहुधा इंग्रजीत किंवा हिंदीत असतो. व्हीट म्हणजे गहू, बार्ली म्हणजे जव. हे शब्द आणि माल्ट, मैदा, सूजी हेही मुलांकडून कागदावर लिहून घ्या. तो कागद दुकानात जाताना जवळ ठेवा. 'ग्लूटेन फ्री' लिहिलेल्या मालात किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही. एका किलोत दहा लाख मिलिग्रॅम असतात. यावरून समजा, "चिमूटभरानं काय होतंय?" हे म्हणणे इथे खोटे ठरते.

शेवटी एक सांगणे इतरांना. आपल्या मोशीत सप्ताह होतो, लग्ने होतात. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत शेकडो माणसे एका पंगतीला जेवतात. तिथे कोणी शिरा किंवा लापशी नाकारली तर रागावू नका, आग्रह करू नका. त्याने प्रसाद कपाळाला लावला, तरी तो पावला. त्याच्या पानात वेगळ्या डावाने भात वाढा. भाजीत हिंग आहे का, ते त्याला आधीच सांगा. एवढ्याने एक माणूस पोटभर आणि निर्धास्त जेवेल.

सांगा पाहू: तुमच्या घरच्या हिंगाच्या डबीवर काय लिहिले आहे?