ताटाशेजारचं गाणं

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आमच्या जिल्ह्यात लहान पोरालाही पाठ असते. आज या पाळण्याच्या दोन दोऱ्या आहेत : बियाणं आणि लोखंडी सळई. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली जालन्यात ‘महिको’ सुरू केली, पुढे 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्यामागून बियाण्यांच्या आणखी कंपन्या उभ्या राहिल्या. औद्योगिक वसाहतीत सळईचे कारखाने आले. हे दोन्ही धंदे विक्रेत्यांच्या जोरावर चालतात. बियाणं पिशवीत भरलं किंवा सळई भट्टीतून काढली म्हणजे काम संपत नाही. ती वाशीमच्या, निजामाबादच्या, जळगावच्या दुकानदारानं घेतली पाहिजे. म्हणून खरिपाच्या आधी, उन्हाळ्याच्या तोंडाशी विक्रेत्यांचे मेळावे भरतात. दिवसभर भाषणं, तक्ते, बक्षिसं, आणि रात्री जेवण.

त्या जेवणाच्या वेळी गाणंबजावणं करणं हा माझा आणि माझ्या चार साथीदारांचा व्यवसाय. मी हार्मोनियम आणि की-बोर्ड वाजवतो. सोबत एक तबला-ढोलकीवाला, एक बासरीवाला, एक गिटारवाला आणि एक गायिका. लोक विचारतात, ‘म्हणजे तुम्ही ऑर्केस्ट्रावाले?’ मी हो म्हणतो, कारण लांबण लावायला वेळ नसतो. पण दोन्हींत फरक आहे, आणि तो कळला की आमचं सारं काम कळतं.

ऑर्केस्ट्राला माणूस तिकीट काढून येतो. तो गाण्यासाठीच आलेला असतो. आमच्या अंबडला दत्तजयंतीच्या संगीत महोत्सवात रसिक मांडी घालून बसतात, तेव्हा शेजारच्यानं खोकलेलंही त्यांना खपत नाही. मेळाव्याच्या जेवणाला आलेला माणूस मात्र बोलायला आलेला असतो. आदिलाबादचा दुकानदार आणि कारंज्याचा दुकानदार वर्षातून एकदाच समोरासमोर येतात. यंदा कुठलं वाण चाललं, उधारी कशी वसूल झाली, ट्रकभाडं किती पडलं, या गोष्टी ते भाषणाच्या वेळी बोलू शकत नाहीत. ताट हातात आलं की बोलतात. कंपनी जेवणावर खर्च करते तो याच बोलण्यासाठी. म्हणून आमचं पहिलं काम त्या बोलण्याला आधार देणं. समोर येऊन मैफल गाजवणं हे नंतरचं काम, आणि त्याची वेळ ठरलेली असते.

ही कल्पना नवी नाही. आपल्याकडे नगारखान्यात चौघडा वाजायचा तेव्हा वाड्यातली कामं थांबत नसत. युरोपात तर जेवणाच्या टेबलासाठी म्हणून वेगळं संगीत लिहिलं जाई. टेलेमान या जर्मन संगीतकारानं 1733 साली अशा रचनांचा मोठा संग्रहच छापला. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आपला वाद्यवृंद घेऊन वाजवायचा. तोच पुढे सी. रामचंद्रांच्या मदतीला गेला आणि 1951 सालच्या ‘अलबेला’च्या संगीताला त्याचा हात लागला. कंपनीच्या कार्यक्रमातून कलावंत घडल्याचं उदाहरणही आहे. हिंदुस्थान लिव्हरमधल्या एका कामगारानं कंपनीच्या समारंभात साहेबांच्या नकला केल्या आणि सहकाऱ्यांनी त्याचं नाव जॉनी लिव्हर ठेवलं. तेव्हा जेवणापुढचं गाणं म्हणजे हलकं काम, असं मानायचं कारण नाही.

आता हे काम कसं चालतं ते सांगतो.

सगळ्यात आधी आवाजाचं गणित. 1911 साली लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं एक साधी गोष्ट दाखवून दिली. भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो. जेवणाच्या हॉलमध्ये हेच घडतं. आम्ही आवाज वाढवला की दोनशे माणसं थोडी मोठ्यानं बोलू लागतात. त्यांचा आवाज वाढला म्हणून साउंडवाला आणखी वाढवतो. अर्ध्या तासात कुणाला कुणाचंच ऐकू येत नाही, आणि लोक ताट घेऊन बाहेर लॉनवर जातात. साधं बोलणं हाताच्या अंतरावरून सुमारे साठ डेसिबल असतं. जेवणाच्या वेळी आमचा आवाज त्याच्या खालीच राहिला पाहिजे. मोजायला यंत्र लागत नाही. स्टेजजवळच्या टेबलावरची दोन माणसं एकमेकांच्या कानाशी न वाकता बोलत असतील, तर आवाज बरोबर आहे.

यासाठी मोठे दोन बॉक्स स्टेजपाशी उभे करण्यापेक्षा चार-सहा छोटे बॉक्स हॉलभर लावून आवाज कमी ठेवणं चांगलं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. म्हणजे मागच्या टेबलापर्यंत पोचायचं, तर पुढच्या टेबलाचे कान फोडावे लागतात. शिवाय आपल्याकडचे हॉल म्हणजे खाली फरशी आणि बाजूला काच. आवाज आपटून परत येतो. पडदे आणि टेबलांवर कापड असलं तरी पुष्कळ फरक पडतो.

तबल्याचीही काळजी असते. आमच्याकडच्या मे महिन्याच्या कोरड्या उन्हात तबल्याचं कातडं ताणतं आणि सूर चढतो. तोच तबला थंड हॉलमध्ये आणला की सूर पुन्हा हलतो. हार्मोनियमचा सूर आम्हाला जागेवर बदलता येत नाही. म्हणून वाद्यं तासभर आधी हॉलमध्ये आणून ठेवावी लागतात. ‘इतक्या लवकर कशाला?’ असं विचारणाऱ्या व्यवस्थापकाला मी हेच सांगतो.

मग संध्याकाळचे तीन भाग. पाहुणे येतात तेव्हा नुसती वाद्यं : बासरी आणि गिटारवर ओळखीच्या चाली. विक्रेते मराठी, तेलुगू, हिंदी, गुजराती बोलणारे असतात. शब्द नसले की भाषेचा प्रश्नच उरत नाही. दुसरा भाग जेवणाचा. तेव्हा गायिका गाते, पण गाणी संथ, जुनी, सगळ्यांना ठाऊक असलेली. नवं गाणं माणसाला लक्ष द्यायला लावतं, ओळखीचं गाणं नुसतं सोबत करतं. गझल आम्ही या वेळी घेत नाही. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे इथल्या जुन्या माणसांना उर्दूचा कान आहे. पण गझलेचा शेर दुसऱ्या ओळीत उलगडतो, आणि नेमकी तीच ओळ चमच्यांच्या आवाजात हरवते. गझलेचा अपमान करण्यापेक्षा ती जेवणानंतर गावी.

तिसरा भाग जेवणानंतरचा. खुर्च्या स्टेजकडे वळतात तेव्हा आम्ही पुढे येतो. ढोलकी, गझल, फर्माईश, सगळं. इथे एक हमखास प्रसंग असतो : साहेबांना गायचं असतं. त्यांची पट्टी आधी माहीत असली पाहिजे. मी दुपारीच फोनवर त्यांना चार ओळी गुणगुणायला सांगतो. काळी एक की पांढरी चार, ते ठरवून ठेवतो. साहेब सुरात गायले, तर शाबासकी त्यांना मिळते आणि पुढचं काम आम्हाला.

वेळेच्या बाबतीत कायदाही पाहावा लागतो. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंद सभागृहाला आतल्या आत वापरण्याची सवलत आहे. सरकार वर्षातले काही ठरावीक दिवस बारापर्यंत मुभा देतं, पण ते दिवस सणासुदीचे असतात. आपला मेळावा त्यात बसत नाही. म्हणजे लॉनवर जेवण असेल तर गाणं साडेसातला सुरू झालं पाहिजे. भाषणं लांबतात, जेवण नऊला लागतं, आणि दहाला पाच कमी असताना आम्हाला ‘आता खरा रंग भरा’ असं सांगितलं जातं. तेव्हा रंग भरता येत नाही, कारण पोलीस परवान्याच्या कागदावर दहाच लिहिलेले असतात.

दुसरा कायदा गाण्याच्या मालकीचा. लग्नात आणि वरातीत गाणं वाजवायला कॉपीराइट कायद्यानं सूट दिली आहे. कंपनीच्या जेवणाला ती सूट नाही. तिथे परवाना घ्यावा लागतो. गीतकार-संगीतकारांच्या वतीनं हे काम करणारी आयपीआरएस ही संस्था 1969 पासून आहे. 2012 च्या दुरुस्तीनंतर तर गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातला वाटा कायद्यानंच पक्का केला. हा खर्च आयोजकाचा. काही आयोजक कुरकुरतात. मी त्यांना म्हणतो, आमच्या घामाचे पैसे आम्हाला हवेत, तर ज्यानं चाल बांधली त्याचे त्याला नकोत का?

पैशाचा विषय निघालाच आहे. एका कंपनीनं आम्हाला रात्री बारापर्यंत भटारखान्यामागे बसवून ठेवलं. जेवण दिलं नाही आणि मानधन सात महिन्यांनी दिलं. तेव्हापासून आमच्याकडे एक पानी करारपत्र असतं. अर्धी रक्कम आधी, उरलेली त्याच रात्री. कलावंतांना वेळेवर जेवण. गायिकेसाठी कपडे बदलायला कडी लागणारी वेगळी खोली आणि घराच्या दारापर्यंत गाडी. स्टेजवर कुणी चढायचं नाही, नोटा उधळायच्या नाहीत. फर्माईश चिठ्ठीवर लिहून निवेदकाकडे द्यायची. यातलं शेवटचं कलम वाचून काही जण हसतात. पण त्या एका कलमामुळे आमची गायिका हे काम करू शकते आणि तिच्या घरचे तिला निर्धास्तपणे पाठवतात.

आज या धंद्यापुढचं संकट वेगळं आहे. पेन ड्राइव्हमध्ये ट्रॅक आणायचा, त्यावर एकानं गायचं, की पाच माणसांचा खर्च एकावर येतो. 2020 साली टाळेबंदीत मेळावेच बंद पडले. तेव्हा आमच्या गिटारवाल्यानं गिटार विकून किराणा भरला. मेळावे पुन्हा सुरू झाले तेव्हा कित्येक ठिकाणी माणसांच्या जागी ट्रॅक आलेला होता. हिशेबनीस म्हणतो, ‘गाणं तेच, मग पाच माणसं कशाला?’

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर आम्हीच दिलं पाहिजे. ट्रॅकला हॉल दिसत नाही. एखाद्या टेबलावर बोलणं रंगात आलं, की माझा तबलावाला हात हलका करतो. बक्षीस मिळालेला विक्रेता स्टेजकडे येताना अडखळला, तर तो पोचेपर्यंत आम्ही आणखी चार आवर्तनं वाजवतो. वीज गेली आणि जनरेटर सुरू व्हायला दोन मिनिटं लागली, तर बासरी आणि ढोलकी चालू राहते. लोक अंधारात शांत बसून राहतात. ट्रॅक सुरू झाला की ठरल्याप्रमाणे संपतो. आम्ही समोरच्या माणसांप्रमाणे वाजवतो. हे जर आम्हाला करता येत नसेल, तर हिशेबनिसाचं म्हणणं खरं मानावं लागेल.

म्हणून मेळावे भरवणाऱ्यांना एवढंच सुचवतो. कार्यक्रमपत्रिकेवर शेवटी ‘संगीत व भोजन’ अशी एक ओळ छापून मोकळे होऊ नका. आठ दिवस आधी आम्हाला जागा दाखवा. पाहुणे कुठले, किती आणि कोणती भाषा बोलणारे, ते सांगा. भाषणं कधी संपणार ते ठरवा आणि त्या वेळी संपवा. आणि पाचही कलावंतांची नावं निवेदकाला लिहून द्या. ती वाचायला अर्धं मिनिट लागतं. तबला वाजवणाऱ्याचं नाव दोनशे माणसांनी ऐकलं, तर त्यातल्या एखाद्याला आपल्या मुलीच्या लग्नात तो आठवतो. आमचं वर्ष अशा आठवणींवर निघतं.