जावई मुलीच्या हाताखाली?

रविवारी आबिड्सच्या फूटपाथवरची जुनी पुस्तकं चाळल्याशिवाय माझी हैदराबादची फेरी पुरी होत नाही. बहीण तिथून जवळच राहते. तिचं सासर कन्नड, त्यामुळे घरात वाद दोन्ही भाषांत होतात. यावेळचा वाद भाचीच्या लग्नाचा होता.

भाची एका शाळेत मुलींना बास्केटबॉल शिकवते. तिनं पसंत केलेला मुलगा त्याच संघाचा सहायक प्रशिक्षक. "जावई मुलीच्या हाताखाली? चार लोकांत काय सांगू?" हा दाजींचा सवाल.

मी कॉलेजात बास्केटबॉल खेळलो आहे. (खेळलो कमी, बाकावर बसलो जास्त.) म्हणून ओलाफ लांगे या जर्मन प्रशिक्षकाची गोष्ट काढली. रशियातल्या येकातेरिनबर्गच्या महिला संघाला त्यानं २०१३ आणि २०१६ साली युरोलीग जिंकून दिली. म्हणजे गडी काही कच्चा नव्हे. त्याची बायको सँडी ब्रॉन्डेलो ऑस्ट्रेलियाची, स्वतः मोठी खेळाडू. २०१४ साली तिच्या हाताखाली फिनिक्सचा संघ अमेरिकेत अजिंक्य ठरला. पुढे २०२२ मध्ये ती न्यूयॉर्क लिबर्टीची मुख्य प्रशिक्षक झाली, तेव्हा हा दोनदा युरोप जिंकलेला माणूस तिचा सहायक म्हणून बाकावर बसला. समोरच्या संघाचा खेळ अभ्यासायचा, सुचेल ते सांगायचं, निर्णय मात्र बायकोचा. २०२४ साली लिबर्टीनं पहिलं विजेतेपद मिळवलं.

त्याच वर्षी जर्मनीच्या मुली प्रथमच ऑलिम्पिकला गेल्या. त्यांची प्रशिक्षकही बाईच, कॅनडाची लिसा थोमायडिस. तिच्यानंतर २०२५ मध्ये जर्मनीचा संघ लांगेकडे आला. बायकोच्या हाताखाली बसला म्हणून त्याची किंमत कुठे कमी झाली?

"ती परदेशातली माणसं," दाजी म्हणाले.

मग मला घरचंच सांगावं लागलं. आमच्या विभागाची प्रमुख माझी बायको आहे. माझ्या रजेच्या अर्जावर सही तिची. पहिले सहा महिने मी तो अर्ज शिपायाच्या हाती पाठवत असे, स्वतः नेत नसे. स्टाफरूममध्ये हसणारे हसले. हे बहिणीलाही मी कधी सांगितलं नव्हतं. ती बघतच राहिली.

"आता स्वतः नेतोस?" तिनं विचारलं.

"नेतो. परवा एक नामंजूरही झाला."

भाची फस्सकन हसली. अज्जी कोपऱ्यातून म्हणाल्या, "आगलि बिडु." होऊ दे, सोडून दे. दाजी काही बोलले नाहीत. चहा संपवून चप्पल घालताना मात्र त्यांनी भाचीला विचारलं, "त्या पोराचं प्रॅक्टिस किती वाजता असतं गं?"

"माझं, अप्पा," ती म्हणाली. "साडेपाचला."