गाडलेल्या नद्यांच्या मागावर

फ्रोम हे नावापुरतं सरोवर. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येकडच्या या खोलगटात बहुतेक वर्षं पाण्याऐवजी मिठाचा पांढरा थर असतो. अकुर्रा नावाच्या महासर्पाने त्यातलं पाणी पिऊन टाकलं, असं तिथले मूळ रहिवासी अदन्यामथन्हा सांगतात. भूवैज्ञानिकांची हकीकत वेगळी असली तरी तीही गेलेल्या पाण्याचीच आहे. चार-पाच कोटी वर्षांपूर्वी या ओसाड माळावर पावसाळी जंगलं होती, नद्या होत्या. त्यांची पात्रं वाळूने भरली, वर चिकणमाती साचली आणि सगळं जमिनीखाली गेलं. गेली पन्नास-पंचावन्न वर्षं माणसं ती पात्रं धुंडाळत आहेत, कारण त्या वाळूत युरेनियम आहे.

पश्चिमेकडच्या डोंगरात ते आहे हे मात्र फार आधीपासून ठाऊक होतं. माउंट पेंटरच्या परिसरात 1910 च्या सुमारास रेडियमच्या मोहाने खणणं सुरू झालं. अंटार्क्टिकामुळे पुढे जगप्रसिद्ध झालेला भूवैज्ञानिक डग्लस मॉसन या भागातल्या किरणोत्सारी खनिजांचा अभ्यास करत होता. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बसाठी धावपळ सुरू झाली तेव्हा रेग स्प्रिग या तरुण भूवैज्ञानिकाला गुपचूप तिथे धाडण्यात आलं. डोंगरातला साठा किरकोळच निघाला. (स्प्रिग त्या डोंगराच्या प्रेमात पडला. 1968 मध्ये त्याने तिथली अर्करूलाची जमीनच विकत घेऊन तिथे अभयारण्य उभारलं.)

पण डोंगरातलं युरेनियम गेलं कुठे, हा प्रश्न साठच्या दशकाच्या शेवटी विचारला गेला आणि शोधाची दिशाच पालटली. तिथला ग्रॅनाइट युरेनियमने इतका भरलेला आहे की पॅरलाना इथला झरा अजूनही गरम आणि किरणोत्सारी आहे. पावसाचं पाणी हवेतला ऑक्सिजन घेऊन खडकात मुरतं, युरेनियम विरघळवतं आणि वाळूतून खाली वाहू लागतं. वाटेत कुजक्या लाकडाचे तुकडे, गंधकयुक्त लोखंडाचे कण भेटले की पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि युरेनियम तिथेच बसतं. अमेरिकेत वायोमिंगमध्ये अशा वाळूतल्या चंद्रकोरीसारख्या साठ्यांचा अभ्यास झालेला होता, आणि ते ज्ञान इथे कामी आलं. 1969 मध्ये बेव्हर्ली सापडलं. 1972 मध्ये ब्रोकन हिलच्या वायव्येला यारांबा पात्रात हनीमून. एका युरेनियमच्या साठ्याला मधुचंद्राचं नाव देणाऱ्यांच्या विनोदबुद्धीला दाद द्यायला हवी.

आपल्याकडे युरेनियम म्हटलं की जादुगोडा आठवतं. कठीण खडक, खोल खाण. फ्रोमच्या प्रकाराशी नातं सांगायचंच तर मेघालयातल्या डोमियासियातच्या वालुकाश्माचं सांगता येईल. तोही जुन्या नद्यांनीच आणलेला, आणि खासी लोकांच्या विरोधामुळे अजून जागच्या जागी.

फ्रोमच्या शोधातली खरी गोम अशी की किरणोत्सार मोजून काही हाती लागत नाही. गॅमा किरण जेमतेम अर्ध्या मीटर मातीतून बाहेर येतात. हनीमूनचं युरेनियम शंभर मीटरहून खोल आहे. विमानातून मोजणी केली तर डोंगर झळाळतो आणि माळ मुका राहतो. म्हणून आधी नदी शोधायची. गुरुत्वाकर्षणातले बारीक फरक, जमिनीची विद्युतवाहकता यांवरून पात्राचा अंदाज बांधायचा, मग त्याला आडवी बोअरची रांग टाकायची.

रिगवरचं काम बघण्यासारखं असतं. चिखलपाण्याबरोबर वर आलेला चुरा ड्रिलर ठरावीक खोलीगणिक छोट्या ढिगांनी जमिनीवर ओळीत मांडतो. भूवैज्ञानिक वाकून एकेक ढीग चाळतो, मूठभर वाळू धुतो, भिंगाखाली धरतो. वाळू पिवळी, गंजल्यासारखी असेल तर ऑक्सिजनवालं पाणी इथून पुढे गेलं आहे. राखाडी असेल आणि त्यात कोळशाचे कण असतील तर ते इथवर पोचलंच नाही. एका बोअरमध्ये पिवळी, पुढच्यात राखाडी, की हवी ती जागा या दोन बोअरांच्या मध्ये. पुढची सगळी यंत्रं आली तरी हे रंग वाचणं सुटलेलं नाही.

बोअरमध्ये गॅमा मोजणारी नळी सोडतातच, पण तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. ती मोजते ते गॅमा मुख्यतः बिस्मथ-214 चे, म्हणजे युरेनियमच्या दूरच्या वंशजाचे. या कोवळ्या साठ्यांत युरेनियम पाण्याबरोबर पुढे सरकतं आणि रेडियम मागे राहतं. नळी ओरडते तिथे युरेनियम नसतं आणि असतं तिथे ती पुटपुटते. यावर तोडगा म्हणून न्यूट्रॉनचा मारा करून युरेनियम-235 थेट मोजणारं उपकरण आलं. ते बेव्हर्लीत आणि पुढे जवळच्याच फोर माईल या साठ्यावर वापरलं गेलं.

आणि इतकं करून सापडलेल्याचं काय झालं? बराच काळ काही नाही. 1983 मध्ये राज्यातल्या मजूर पक्षाच्या सरकारने बेव्हर्ली आणि हनीमून या दोन्ही ठिकाणी खाणीला नकार दिला, पुढच्या वर्षी केंद्रात ‘तीनच खाणी’ हे धोरण आलं. ते 1996 मध्ये गेलं. बेव्हर्ली सुरू व्हायला 2000 साल संपत आलं. आम्ल मिसळलेलं पाणी वाळूत सोडून युरेनियम विरघळवून वर खेचणारी ऑस्ट्रेलियातली ती पहिली खाण. त्याच वर्षी तिथल्या खाणविरोधी आंदोलकांवर पोलिसांनी बळाचा वापर केला, त्याची भरपाई न्यायालयाने 2010 मध्ये द्यायला लावली. 2002 च्या जानेवारीत नळ फुटून सुमारे 60 हजार लिटर द्रव सांडला. खड्डा नाही, ढिगारे नाहीत म्हणून ही पद्धत निरुपद्रवी, हा कंपन्यांचा दावा मला तरी पुरता पटत नाही. तिथलं भूजल मुळातच खारं, जनावरांनाही न चालणारं, हे मात्र खरं.

शोधाची लाट भावाबरोबर येते आणि ओसरते. युरेनियमचा भाव चढू लागला तेव्हाच, 2005 मध्ये, बेव्हर्लीपासून काही किलोमीटरवर फोर माईल सापडलं, तेही पहिल्यापेक्षा कितीतरी समृद्ध. म्हणजे बेव्हर्ली सापडल्यावरही 36 वर्षं डोंगराच्या पायथ्याशी ते पडून होतं. 2010 मध्ये सरकारी भूविज्ञान संस्थेने अख्ख्या फ्रोम परिसरावरून विद्युतचुंबकीय मोजणी करणारं विमान फिरवलं. तसल्या मोजणीला युरेनियम दिसत नाही, मातीचे थर आणि खारं पाणी दिसतं. 2011 मध्ये हनीमून सुरू झालं, त्याच वर्षी फुकुशिमा घडलं, आणि 2013 मध्ये खाणीला कुलूप लागलं.

नव्या मालकाने 2024 च्या एप्रिलमध्ये तिथे पुन्हा पहिलं पिंप भरलं. सव्वा वर्षाने, जुलै 2025 मध्ये, त्याच कंपनीने गुंतवणूकदारांना कळवलं की नव्या बोअरमध्ये समृद्ध पट्टा आधी मांडला होता तितका सलग दिसत नाही. एका दिवसात शेअर 40 टक्क्यांहून अधिक कोसळला. 1972 पासून बोअर घेऊन घेऊन चाळणी झालेल्या पात्राची ही गोष्ट.