प्रोसेसरची वेगवृद्धी व उत्तरांची विश्वसनीयता

निर्मात्याने ठरविलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने प्रोसेसर चालविणे यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. १९९८ साली इंटेलने आणलेला ‘सेलेरॉन ३००ए’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. त्याचा गुणक ४.५ असा कायम केलेला होता. परंतु मदरबोर्डवरील मूळ स्पंदन ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झवर नेले, की ३०० मेगाहर्ट्‌झचा तो प्रोसेसर ४५० ने चाले. अनेक नगांना हे साधले, सर्वांना नाही. कारण निर्माता राखून ठेवतो ती वेगाची शिल्लक नगागणिक निराळी असते.

पुढील स्पंदनापूर्वी संकेत ट्रान्झिस्टरांची साखळी पार करून गेला पाहिजे. न गेल्यास चुकीचा अंक नोंदला जातो. विद्युत्‌दाब वाढविल्यास संकेत जलद जातो खरा, परंतु खर्ची पडणारी शक्ती वेगाच्या सम प्रमाणात व दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही १० टक्क्यांनी वाढविल्यास ती सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. शिवाय अधिक दाबाने ट्रान्झिस्टर कायमचे झिजतात. तेथे नुसता मोठा पंखा पुरा पडत नाही. म्हणून वेग लहान पायऱ्यांनी वाढवावा. दाब अगदी शेवटी, तोही अत्यल्प.

यंत्र बंद पडले तर ते सुदैवच म्हणावयाचे. खरा धोका ते चालू राहून चुकीचे उत्तर देण्याचा आहे. ‘प्राइम९५’ हा प्रोग्रॅम आपली उत्तरे ज्ञात उत्तरांशी ताडून पाहतो. त्याची चाचणी कित्येक तास, उन्हाळ्याच्या दुपारीही, निर्दोष उतरावी. तरीही ती ग्वाही त्या आकडेमोडीपुरतीच असते. प्रबंधाचे गणित ज्या यंत्रावर व्हावयाचे, ते मूळ वेगावरच ठेवणे इष्ट.