हीटर गार, इंजिन तापलेले!

हिवाळ्यात लेहमधील मोटारीत हीटर ही चैन नव्हे, गरज असते. हा हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच. इंजिनाची उष्णता घेऊन आलेले, ग्लायकॉल मिसळलेले पाणी त्याच्या नळ्यांतून वाहते. पंखा त्यांवरून हवा ढकलतो आणि ती ऊबदार होऊन आत येते.

आता समजा, काटा इंजिन फार तापल्याचे दाखवतो आहे, पण हीटरमधून गार वारा येतो. असे का व्हावे? उष्णता आहे, ती वाहून आणणारे पाणीच हीटरपर्यंत पोहोचत नाही! बहुधा पाणी कमी झालेले असते, नळ्यांत हवा अडकलेली असते किंवा पंप बिघडलेला असतो. अशा वेळी आधी इंजिन बंद करावे.

मात्र रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये. लेह सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. तेथे उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ८८ अंश सेल्सिअसलाच उकळते. पण घट्ट झाकणाखालील दाबामुळे रेडिएटरमधील पाणी १०० अंशांवरही न उकळता राहू शकते. झाकण काढताच दाब जातो, पाणी एकदम उकळून उसळते आणि हात-तोंड भाजते.

वाफ जिरल्याशिवाय घरी कुकर उघडत नाहीत, ते याच कारणासाठी!