पवनारची ऋषिशेती

वर्धा जिल्ह्यात धाम नदीच्या काठी पवनार हे गाव आहे. तेथील परंधाम आश्रमात १९५० च्या सुमारास विनोबा भावे यांनी शेतीचा एक प्रयोग केला. जमीन थोडी असली, म्हणजे बैलांच्या चाऱ्यासही तिच्यातूनच वाटा द्यावा लागतो. मग बैलांवाचून, केवळ स्वतःच्या श्रमाने अन्न पिकविता येईल काय? आश्रमवासी कुदळीने जमीन खणीत आणि हातांनी रहाट फिरवून पिकांस पाणी देत. या पद्धतीस विनोबांनी 'ऋषिशेती' म्हटले. आज शहरांतील संशोधक बंद खोलीत, दिव्यांच्या प्रकाशात, मातीवाचूनही भाजी पिकवितात. तेथे घामाची जागा विजेने घेतली आहे. साधने निराळी, परंतु जमीन थोडी आणि खाणारी तोंडे पुष्कळ, हे कोडे दोन्हीकडे एकच आहे.